खांद्याला गट नसतो

आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला दोन मिरवणुका निघतात. पावतीपुस्तके दोन, लाऊडस्पीकर दोन. बाबासाहेबांचा फोटो मात्र एकच. गट कुठले ते सांगत नाही. तुमच्या वस्तीतही असतीलच.

गेल्या निवडणुकीनंतर एका नळावर पाणी भरणाऱ्या बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. अशातच शेजारच्या काकू वारल्या. त्यांचा मुलगा एका गटाचा, म्हणून दुसऱ्या गटाची माणसे विहारापाशीच उभी राहिली. खांदा द्यायला माणसे कमी पडली. आमचे हेही तिकडेच उभे. मी जाऊन म्हटले, "अहो, मत कुणालाही द्या. पण आपल्या पोरीचं बाळंतपण या काकूंनीच केलं ना?" ते काही बोलले नाहीत. पुढे झाले आणि खांदा दिला. त्यांच्यामागून आणखी चौघे आले.

भगिनींनो, मतभेद वाईट नाहीत. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात फुटला. पुढे १९९८ मध्ये एकीने लढलो, तर चार खासदार लोकसभेत गेले. ती एकीही टिकली नाही. पुढाऱ्यांना जोडणे आपल्या हातात नसेल, पण शेजार जोडणे आहे.

बाबासाहेबांनी आयुष्यभर काँग्रेसशी झुंज दिली. तरी १७ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत बोलायला उठले, तेव्हा त्यांनी जुनी उणीदुणी काढली नाहीत. घोषणा बाजूला ठेवा, विरोधकाच्या मनातली भीती समजून घ्या आणि त्यालाही बरोबर येऊ द्या, असे त्यांनी सांगितले. विरोधकांनीही ते भाषण मनापासून ऐकले. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्टला, घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीत त्यांची नेमणूक झाली. यात कुठे लाचारी होती? आपले म्हणणे न सोडताही नीट बोलता येते.

कोसंबीची गोष्ट तर आपल्या विनयात आहे. भांड्यात उरलेल्या पाण्यावरून भिक्खूंमध्ये दोन तट पडले. तथागतांनी समजावले, तरी ऐकेनात. शेवटी ते एकटेच निघून गेले. मग गावच्या उपासक-उपासिकांनी काय केले? भांडणाऱ्यांना वंदन बंद, भिक्षा बंद! तेव्हा भिक्खू वठणीवर आले, श्रावस्तीला गेले आणि भांडण मिटले. मिटवले कुणी? तुमच्या-माझ्यासारख्या घरच्या माणसांनी.

आपणही एवढे ठरवू. मयत, लग्न, नामकरण आणि दवाखाना यांत गट आणायचा नाही. पुरावा नसताना "तो विकला गेला" असे पोरांसमोर बोलायचे नाही. दुसऱ्या गटाचा माणूस दारात आला, तर आधी जयभीम, मग पाणी आणि मग वाद. सम्यक वाचा पोरे पुस्तकातून शिकत नाहीत, घरातून शिकतात.

काकूंच्या पुण्यानुमोदनाला सतरंज्या कमी पडल्या. पलीकडच्या मंडळाने न सांगता आपल्या आणून टाकल्या. जेवताना पंगतीत गट ओळखता येत नव्हते. मिरवणुका यंदाही दोनच निघतील. पण नळावर पुन्हा बोलणे सुरू झाले आहे.

जयभीम!