फ्रीजरमधल्या ब्लूबेरी
पार्क सांग-यंग या कोरियन लेखकाच्या ‘लव्ह इन द बिग सिटी’चा (2019) नायक यंग समलिंगी आहे. सोलमध्ये जेही नावाच्या मैत्रिणीबरोबर तो राहतो. ती त्याच्यासाठी फ्रीजरमध्ये ब्लूबेरी भरून ठेवते, तो तिच्यासाठी मार्लबोरोची पाकिटं. (संसार आणखी काय असतो?) मग जेही लग्न करते. यंगला ती वाट बंदच. दक्षिण कोरियात समलिंगी विवाहाला मान्यता नाही. प्रियकर येतात, जातात. लेखक गळा काढत नाही, यंग सतत थट्टा करतो. मला सर्वाधिक जाचली ती यंगची कॅन्सरग्रस्त आई. कोवळ्या वयात तिनेच त्याला मनोरुग्णालयात टाकलेलं. आता तो तिची शुश्रूषा करतो आणि ती माफी मागेल याची वाट पाहतो. इथे त्याची थट्टा मला फार पोकळ वाटली, आणि ते लेखकाचं यशच.