बर्फातले सरोवर आणि परवान्याचा कागद

सन १९९८ च्या एप्रिलमध्ये मी एक दूरध्वनी केला होता. नोकरीच्या काळात केलेल्या हजारो दूरध्वनींपैकी बहुतेक आता आठवत नाहीत. हा एक मात्र विसरता आलेला नाही.

त्या वेळी मी दिल्लीत एका मंत्रालयात प्रतिनियुक्तीवर होतो. सरकारी वसाहतीतील आम्ही काही मराठी कुटुंबे गणपती, कोजागरी, दिवाळी एकत्र साजरी करीत असू. सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले चार-सहा जण आमच्यात होते. हिमालय एका रात्रीच्या बसप्रवासावर असताना दिल्लीत नुसत्या संचिका चाळत बसायचे, हे त्यांना पटत नव्हते. शेवटी बारा जणांनी गढवालमधील एका सरोवरापर्यंत पायी जाण्याचा बेत केला. सरोवराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यात चूक माझी होती, त्या जागेची किंवा तिथल्या माणसांची नव्हे. उत्तराखंड राज्य तेव्हा झाले नव्हते, तो भाग उत्तर प्रदेशात होता. मार्चअखेरची कामे आटोपली होती, मुलांच्या परीक्षा संपल्या होत्या, म्हणून आम्हाला एप्रिलचा दुसरा आठवडा सोयीचा होता. डोंगरावर त्या आठवड्यात काय स्थिती असते, हे आम्ही कुणाला विचारले नाही.

परवान्यासाठी पाठवलेल्या अर्जाला उत्तर आले की वाट अजून खुली झालेली नाही, मे महिन्याच्या मध्यानंतर यावे. उत्तर सरळ आणि बरोबर होते. मी त्या प्रदेशात काम करणाऱ्या माझ्या तुकडीतल्या एका अधिकारी मित्राला दूरध्वनी केला, आणि तिसऱ्या दिवशी परवाना हातात पडला. सोबत एक पत्र होते: मान्यवर अधिकारी सहकुटुंब येत आहेत, सर्व सहकार्य द्यावे. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ सांगण्याची गरज नाही. 'यांना अडवू नये' हे वाक्य लेखी द्यायचे नसते, तेव्हा आपण 'सर्व सहकार्य द्यावे' असे लिहितो.

शेवटच्या गावाच्या पुढे एक चौकी होती. तिथे पंचविशीतला एक वनरक्षक होता. त्याने आमच्याकडे पाहिले, आमच्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, "साहब, ऊपर बर्फ बहुत है। पंद्रह दिन बाद आते तो अच्छा रहता।" मी खिशातून पत्र काढून दिले. त्याने ते दोनदा वाचले, सावरून उभा राहिला आणि म्हणाला, "जैसा आप उचित समझें।" मग नोंदवहीत आमची नावे लिहून घेतली. आमचा वाटाड्या, पन्नाशीतला एक अनुभवी गृहस्थ, शेजारी उभा राहून हे सारे पाहत होता. तोही काही बोलला नाही. आदल्या रात्री मात्र त्याने आमच्यातल्या एका तरुणाला सांगितले होते की तो स्वतःच्या मुलाला या दिवसांत वर नेणार नाही. हे मला परतल्यावर कळले.

पहिला दिवस बुरांशाच्या लाल फुलांतून, बांजाच्या जंगलातून गेला आणि आम्ही सगळे खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा बर्फाचा वरचा थर रात्रीच्या थंडीने घट्ट झालेला होता. चालणे सोपे वाटले. दहा वाजल्यानंतर ऊन लागून तोच थर मऊ पडला आणि प्रत्येक पावलाला पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुतू लागला. सह्याद्री माणसाला ऊन, तहान, घसारा आणि कडा यांचे शिक्षण देतो. बर्फाचे देत नाही. हरिश्चंद्रगडावर वाट चुकली तर निदान चुकली हे कळते. इथे वाटच दोन हात बर्फाखाली होती, आणि कानांना ऐकू येणारा ओढा आपल्या पायांखालून वाहतो आहे हे वाटाड्याने काठी खुपसून दाखवले तेव्हा समजले. शेवटच्या तीन किलोमीटरला आम्हाला पाच तासांहून अधिक वेळ लागला.

सरोवर गोठलेले होते. काठाने काळसर पाण्याची एक रेघ, मध्ये मळकट पांढरा पत्रा टाकल्यासारखे बर्फ, आणि विलक्षण शांतता. सुंदर होते हे नाकारणार नाही. आम्ही तिथे वीसेक मिनिटे थांबलो असू. तेवढ्यात पश्चिमेकडून ढग आले आणि बर्फ पडू लागले. मार्च ते मेपर्यंत हिमालयावर पश्चिमी विक्षोभ येत राहतात, ही माहिती हवामानखात्याच्या कुठल्याही पत्रकात मिळते. ती पत्रके माझ्या मंत्रालयातही येत असत.

आमच्यात माझ्याच कार्यालयातील एक लघुलेखक होते. वय सत्तेचाळीस, अत्यंत कर्तव्यदक्ष, कधी रजा न घेणारे. मीच त्यांना आग्रह करून आणले होते. त्यांचे कापडी बूट सकाळी आठ वाजताच भिजले होते. दुपारी त्यांना पायाची बोटे जाणवेनाशी झाली होती. परतीच्या वाटेवर ते अडखळू लागले, जॅकेटची साखळी त्यांना लावता येईना, बोलणे तुटक झाले. आणि थरथर थांबली. थरथर थांबली म्हणजे आराम पडला असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात शरीराची ऊब टिकवण्याची शेवटची धडपड थांबत आली होती. वाटाड्याने आणि दोन हमालांनी त्यांना पाठीवर घेऊन अंधार पडता पडता खालच्या झोपडीत आणले. तिथे आम्ही त्यांची बोटे जोरजोराने चोळली, म्हणजे नेमके जे करू नये ते केले. ते वाचले. दिल्लीच्या रुग्णालयात उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारले, की बूट भिजल्याचे सकाळीच का सांगितले नाही? ते म्हणाले, "साहेब, आपण पुढे चालत होता."

ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तरकाशी आणि टिहरी जिल्ह्यांच्या सीमेवरील सहस्रताल या सरोवराच्या वाटेवर जे घडले, त्यामुळे ती पुन्हा वर आली. बावीस जणांचा चमू २९ मे रोजी निघाला होता. त्यात कर्नाटकातील अठरा, महाराष्ट्रातील एक आणि तीन स्थानिक मार्गदर्शक होते. सरोवराकडून परतताना चौदा हजार फुटांच्या आसपास त्यांना हिमवादळाने गाठले. नऊ जण दगावले. तेरा जणांना राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी खाली आणले. त्या चमूचे काय चुकले किंवा चुकले का, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी तिथे नव्हतो. अपघातानंतर जी प्रशासकीय चर्चा होते, तिच्याविषयी मात्र मी बोलू शकतो, कारण तशा बैठकांत मी उमेदीची वर्षे घालवली आहेत.

अशा बैठकीत पहिला प्रश्न असतो: परवाना होता काय? असेल तर संबंधित कार्यालय सुटकेचा निःश्वास टाकते, नसेल तर दोष मृतांच्या माथी जातो. परवान्याने त्या दिवशी त्या वाटेविषयी नेमके काय तपासले होते, हा प्रश्न सहसा येत नाही. आपल्याकडे वनक्षेत्रातील प्रवेशाचा परवाना मुख्यतः शुल्क, ओळखपत्र आणि कचऱ्याची हमी यांच्याशी संबंधित असतो. या गोष्टी आवश्यकच आहेत. पण गिर्यारोहकाला वाटते की सरकारने वाट सुरक्षित असल्याचे सांगितले, आणि सरकारला वाटते की आपण पावती दिली. एकाच कागदाचे हे दोन अर्थ अपघात होईपर्यंत सुखाने नांदतात.

दुसरी प्रतिक्रिया बंदीची. कायद्यात त्यासाठी तरतूद भरपूर आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरण, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी, धोक्याच्या क्षेत्रात कुणाच्याही प्रवेशावर नियंत्रण आणू शकतो. पण सरसकट बंदीचा फटका प्रथम कुणाला बसतो? मे-जूनच्या चार-सहा आठवड्यांवर वर्षाची मिळकत अवलंबून असलेल्या वाटाड्याला, खेचरवाल्याला आणि गावात चहाची टपरी चालवणाऱ्या बाईला. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर मर्यादित केली. कुरणांची जी दुर्दशा झाली होती ती पाहता न्यायालयाला दोष देता येणार नाही. पण रूपकुंडाच्या वाटेवरील गावांनी त्याची किंमत मोजली, हेही खरे. पाण्याची गळती वेळच्या वेळी न थांबवणारे प्रशासन शेवटी नळच तोडून टाकते, असे माझे जुने मत आहे.

मग करावे काय? उदाहरण दूर शोधायला नको. चमोली जिल्ह्यातच हेमकुंड साहिब आहे. नांदेडमुळे मराठी माणसाला गुरू गोविंदसिंहांचे नाव घरचे. त्यांच्याच स्मृतीशी जोडलेले हे चौदा हजार फुटांहून उंच असलेले सरोवर हिवाळाभर बर्फाखाली असते. तिथे दर वसंतात सैन्याचे जवान आणि गुरुद्वाऱ्याचे सेवक वर जाऊन बर्फाची पाहणी करतात, अटलाकोटीच्या हिमनदीतून वाट कापतात, आणि मग यात्रा सुरू होते. २०२३ साली बर्फ अधिक होते, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना थांबवण्यात आले. लक्षात घ्या, यात्रा बंद केली नाही. कुणी थांबावे एवढेच ठरवले. एवढे करूनही ४ जून २०२३ रोजी तिथे हिमस्खलन झाले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. डोंगर कुणाच्या आदेशाखाली नसतो. पण हेमकुंडाच्या वाटेवर कुणीतरी बर्फ स्वतः पाहून आलेला असतो. आमच्या वाटेवरही बर्फ पाहिलेला एक माणूस होता. तो चौकीवर बसला होता, आणि माझ्या पत्राने मी त्याचे तोंड बंद केले.

माझ्या मते सारा प्रश्न इथे येऊन थांबतो. ज्याला माहीत आहे त्याला नाही म्हणण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे तो तीन दिवसांच्या अंतरावर दिव्याखाली बसून सही करतो. हंगामाच्या पहिल्या महिन्यात तरी परवान्यावर अंतिम शब्द शेवटच्या चौकीचा असावा. त्याने लेखी नकार दिला तर तो फिरवणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने, कारण लिहून फिरवावा. दूरध्वनीवरून नव्हे. एवढा एकच नियम १९९८ मध्ये असता तर माझ्या मित्राने तो कागद काढला नसता, याची मला खात्री आहे. तो चांगला अधिकारी होता, आणि लेखी कारण देण्याजोगे काहीच नव्हते.

निरोपाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला राज्य सरकार पुरे पडणार नाही. उंचावर मोबाईल चालत नाही. जगात अनेक ठिकाणी गिर्यारोहक उपग्रहाद्वारे संदेश देणारे लहानसे उपकरण जवळ बाळगतात. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांकडे असे उपकरण सापडले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. २६ नोव्हेंबर २००८ नंतर या बाबतीत सुरक्षा यंत्रणा ताठर आहेत, आणि सीमेलगतच्या जिल्ह्यांत त्यांची काळजी निराधार म्हणता येत नाही. पण मग सरकारनेच आपल्या मालकीची, नोंदणी केलेली उपकरणे शेवटच्या चौकीवर ठेवावीत, अनामत रक्कम घेऊन चमूला द्यावीत आणि परतताना जमा करून घ्यावीत. ग्रंथालयातून पुस्तक द्यावे तसे. गृह आणि दूरसंचार या दोन मंत्रालयांनी एका टेबलावर बसण्यापलीकडे याला फार काही लागणार नाही. अर्थात दोन मंत्रालयांना एका टेबलावर बसवणे किती अवघड असते, हे मी जाणतो.

परत करण्यावरून आठवले. चौकीच्या त्या नोंदवहीत 'प्रवेश' आणि 'निर्गम' असे दोन रकाने होते. आम्ही रुग्णाला घेऊन घाईने उतरलो तेव्हा तो वनरक्षक जीप शोधायला गावात धावला होता आणि निर्गमाचा रकाना कुणी भरला नाही. पुढच्या वर्षी मी एकटा तिथे गेलो, मे महिन्याच्या अखेरीस. वनरक्षकाची बदली झालेली होती. वही मागून पाहिली तर आमच्या बारा नावांपुढची जागा कोरीच होती. वरखालच्या कितीतरी चमूंपुढचीही. आम्ही परतलो की नाही हे वर्षभरात कुणी विचारलेले नव्हते. नव्या वनरक्षकाने नम्रपणे सांगितले की मासिक अहवालात फक्त प्रवेश आणि शुल्क यांचे आकडे मागितले जातात.

दिल्ली, बंगळूर, हैदराबाद किंवा इंदूरच्या मंडळांतून या उन्हाळ्यात कुणी गटाने अशा सरोवराकडे निघणार असाल, तर वाटाड्याला एकट्याला बाजूला घ्या आणि एवढेच विचारा की तो या आठवड्यात स्वतःच्या मुलाला वर नेईल का. सर्वांसमोर विचारू नका. सर्वांसमोर तो होच म्हणेल. निघताना प्रत्येकाचे बूट पाहा, आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आणि गटात कुणी साहेब असेल तर त्याला मागे चालायला सांगा.