विश्लेषण : मोठा खेळाडू म्हणजे चांगला प्रशिक्षक? मग प्रमाणपत्र कशाला?

नागपूर : विदर्भाने मार्च २०२५ मध्ये जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही मिळवला. अशा यशानंतर मुलांना मैदानावर किंवा क्लासला पाठवू पाहणाऱ्या पालकांना एक प्रश्न हमखास पडतो. मोठ्या पातळीवर खेळलेल्या व्यक्तीकडे मुलाला पाठवायचे, की स्वतः फारसे नाव न कमावलेल्या पण प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या व्यक्तीकडे? आणि जो स्वतः अव्वल खेळला, त्याला शिकवण्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागावे का?

क्रिकेटमध्ये निकष काय?

बीसीसीआयने मे २०२४ मध्ये भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी जाहिरात काढली होती. किमान ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळलेला. किंवा पूर्ण सदस्य देशाच्या संघाचा किमान दोन वर्षे मुख्य प्रशिक्षक राहिलेला. किंवा सहसदस्य देश, आयपीएल, प्रथम श्रेणी अथवा ‘अ’ संघाचा किमान तीन वर्षे मुख्य प्रशिक्षक असलेला. किंवा बीसीसीआयचे लेव्हल-३ अथवा समकक्ष प्रमाणपत्र असलेला उमेदवार अर्ज करू शकत होता. वयाची ६० वर्षांची मर्यादा सर्वांनाच होती.

या जाहिरातीतला कळीचा शब्द ‘किंवा’ आहे. भरपूर सामने खेळलेल्याला प्रशिक्षणाचा अनुभव किंवा प्रमाणपत्र दाखवावे लागत नाही. जुलै २०२४ मध्ये या पदावर आलेले गौतम गंभीर ५८ कसोटी आणि १४७ एकदिवसीय सामने खेळले आहेत. आयपीएलमध्ये ते मार्गदर्शक होते, पण मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी त्यापूर्वी कुठल्याही संघाचे काम पाहिले नव्हते.

याच निकषावर विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन रणजी करंडक जिंकून देणारे चंद्रकांत पंडित पाहा. पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामन्यांमुळे खेळाडू म्हणून असलेला दरवाजा त्यांच्यासाठी बंद राहतो. वयोमर्यादा बाजूला ठेवली, तर ते आत येऊ शकतात ते प्रशिक्षणाच्या अनुभवावर. २०२४-२५ च्या विजेत्या विदर्भ संघाचे प्रशिक्षक उस्मान घनी यांच्या नावावर तर एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही.

इतर खेळांत काय स्थिती?

फुटबॉलने ‘किंवा’ जवळपास काढूनच टाकला आहे. आशियात एएफसीची ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ अशी परवान्यांची शिडी आहे. विश्वविजेता खेळाडूही तिला अपवाद नाही. आवश्यक परवाना नसताना रेआल माद्रिदच्या राखीव संघाचे काम पाहिल्याबद्दल २०१४ मध्ये स्पॅनिश महासंघाच्या समितीने झिनेदिन झिदान यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केले होते. पुढे त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. झिदान यांनी परवाना मिळवला आणि मुख्य संघाला २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकून दिली.

बुद्धिबळात ‘फिडे’ खेळाडूचे आणि प्रशिक्षकाचे किताब वेगवेगळे देते. ग्रँडमास्टर झालेली व्यक्ती आपोआप ‘फिडे ट्रेनर’ होत नाही. भारतात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस, स्थापना १९६१) प्रशिक्षण पदविका बहुतेक खेळांत ओळखली जाते; सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही तेथे चालतो. मात्र भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या भरतीत पदविकेला ऑलिम्पिकसारख्या स्पर्धांतील कामगिरीचा पर्याय दिला गेला आहे. म्हणजे इथेही ‘किंवा’ आहेच.

स्कीइंगचा नियम वेगळा कसा?

बर्फावरचा हा खेळ नागपूरकरांना दूरचा वाटेल, पण या वादावरची सर्वात स्पष्ट मांडणी तिथे सापडते. एका देशात पात्र ठरलेल्या स्की शिक्षकाला युरोपीय संघातील इतर देशांत काम करता यावे, यासाठी २०१९ च्या नियमावलीत सामायिक चाचणी ठरवण्यात आली. तिचे दोन भाग आहेत. पहिला कौशल्याचा. वळणावळणाच्या उतारावरील शर्यत पायाभूत वेळेपेक्षा पुरुषांनी १८ टक्के आणि महिलांनी २४ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ न घेता पूर्ण करायची. दुसरा भाग सुरक्षेचा. आखीव मार्गाबाहेरच्या बर्फावर लोकांना कसे न्यायचे, हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा, कोणी गाडले गेले तर काय करायचे, हे त्यात तपासले जाते.

जागतिक महासंघाच्या क्रमवारीत ठरावीक पातळी गाठलेल्या शर्यतपटूंना पहिल्या भागातून सूट मिळते, कारण वेग त्यांनी आधीच सिद्ध केलेला असतो. सुरक्षेच्या भागातून मात्र ही सूट नाही. खेळाडूला जे येते ते पुन्हा तपासू नका, पण जे खेळताना शिकायला मिळत नाही ते तपासाच, असे हे सूत्र आहे.

खेळता येते, मग शिकवता का येत नाही?

सायन बायलॉक आणि थॉमस कार या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये गोल्फपटूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नुकताच मारलेला फटका कसा मारला, हे सांगायला लावल्यावर निष्णात खेळाडूंचे वर्णन नवशिक्यांपेक्षा त्रोटक निघाले. त्यांच्या हातात वेड्यावाकड्या आकाराची काठी दिली, तेव्हा त्यांना तपशील आठवू लागले. सरावाने अंगवळणी पडलेली कृती मेंदू जाणीवपूर्वक नोंदवत नाही. त्यामुळे ती करता येते, पण टप्प्याटप्प्याने उलगडून सांगणे अवघड जाते. शिकवणे हे म्हणूनच स्वतंत्र कौशल्य ठरते.

रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना होता, पण सचिन तेंडुलकर आणि चंद्रकांत पंडित त्यांच्याच हाताखाली घडले. उलट ८७ कसोटी खेळलेल्या ग्रेग चॅपेल यांची भारतीय संघासोबतची २००५ ते २००७ ही कारकीर्द वादग्रस्त ठरली. अर्थात यावरून मोठा खेळाडू शिकवूच शकत नाही, असेही म्हणता येत नाही. झिदान यांचे उदाहरण समोर आहे.

खरी जोखीम कुठे?

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकासमोर प्रौढ, तयार खेळाडू असतात. सोबत फिजिओ, ट्रेनर, विश्लेषक असा फौजफाटा असतो. प्रशिक्षकाला एखादी गोष्ट कळली नाही, तर ती सांगणारे दुसरे कोणी तरी असते. दहा वर्षांच्या मुलासाठी मैदानावर सगळे मिळून एकच माणूस असतो.

वाढत्या वयात वेगवान गोलंदाजीचा अतिरेक झाला तर पाठीच्या मणक्याला सूक्ष्म फ्रॅक्चर होऊ शकते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उन्हाळी शिबिरे याच दिवसांत भरतात. सराव किती वाजता थांबवायचा, उष्माघाताची लक्षणे दिसताच आधी काय करायचे, मुलांशी कसे वागायचे, हे शतके किंवा बळी मोजून कळत नाही.

तरीही खासगी अकादमीतील प्रशिक्षकाकडे परवाना असलाच पाहिजे, असा सर्व खेळांना लागू होणारा देशपातळीवरील कायदा नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याचा मुख्य भर क्रीडा संघटनांच्या कारभारावर आहे. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणून जमीन, हवा आणि पाण्यातील उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणी व सुरक्षेचे नियम घातले. गल्लीतल्या मैदानापर्यंत अशी चौकट पोहोचलेली नाही. वरच्या पातळीवर निकषांची चर्चा होते. जिथे चूक सर्वात महाग पडते, तिथे निकषच नाहीत.

प्रमाणपत्र पुरेसे आहे का?

नाही. काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने कोणी आचरेकर होत नाही. खेळाडूंची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. तिशी-पस्तिशीत कारकीर्द संपलेल्या खेळाडूला पुन्हा पहिल्या पायरीपासून महागडे, लांबलचक अभ्यासक्रम करायला लावले, तर त्याचा अनुभव मैदानाबाहेरच राहील. कौशल्याच्या परीक्षेतून सूट आणि प्रथमोपचार, मुलांची शारीरिक वाढ, सुरक्षितता व अध्यापन एवढ्यापुरता छोटा, सक्तीचा अभ्यासक्रम, हा मधला मार्ग निघू शकतो.

पालकांनी काय विचारावे?

प्रशिक्षक कुठपर्यंत खेळले, हे फलकावर लिहिलेले असतेच. विचारायचे ते त्यापुढचे. प्रशिक्षणाचा कोणता अभ्यासक्रम केला आणि कोणत्या स्तरापर्यंत? प्रथमोपचार येतो का? एका बॅचमध्ये किती मुले आणि त्यांच्यासाठी किती प्रशिक्षक? लहान गोलंदाजाला दिवसाला किती षटके टाकू देता? फलकावर ज्यांचे नाव आहे, ते स्वतः आठवड्यातून किती दिवस मैदानावर येतात? या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली, तर समोरची व्यक्ती रणजी खेळली आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरतो.