मंद कोण? आपलं शरीर की आपलं घर?



वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने साडेचार हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर आधी ‘घरखर्च’ म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, “ताई, पावडरीचा डबा घ्यायचाय. माझं मेटाबॉलिझम मंद आहे म्हणे.” हे तिने मोबाईलवर पाहिलं होतं, आणि पलीकडच्या गल्लीत डबे विकणाऱ्या बाईने ते पक्कं केलं होतं. त्याआधी नवरा रोज म्हणतच होता, “फुगत चाललीस.”

ही मैत्रीण पहाटे पाचला उठते. पाणी भरते, डबे करते, चार घरची धुणीभांडी करते. सकाळपासून पोटात दोन कप चहा. पहिला घास दुपारी अडीचला. रात्री सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं. आठवड्यात दोन उपास, तेही साबुदाण्यावर.

कर्ज द्यावं की नाही यावर तासभर वाद झाला. “तिचे पैसे, तिचं शरीर, आपण कोण अडवणारे?” असं काहींचं म्हणणं. “डोळ्यांदेखत फसू द्यायचं का?” असं इतरांचं. शेवटी ठरलं : कर्ज मंजूर. पण डबा घ्यायच्या आधी तिने सरकारी दवाखान्यात तपासणी करून यावं. थायरॉईड ठीक निघालं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईला ते किमान १२ तरी हवं.

म्हणजे दोष ‘मंद मेटाबॉलिझम’चा नव्हता. मग हे मेटाबॉलिझम, चयापचय, आहे तरी काय? खाल्लेल्या अन्नाची शक्ती करून ती वापरण्याचं शरीराचं सगळं काम म्हणजे चयापचय. आपण नुसत्या पडून असलो तरी हृदय, मेंदू, फुप्फुसं, यकृत चालूच असतात. बहुतेकींच्या बाबतीत दिवसभराच्या खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के भाग त्यातच जातो. सुमारे १० टक्के अन्न पचवण्यात जातो आणि उरलेला हालचालीत.

“चाळिशी आली की चयापचय मंदावतोच,” हे आपण सगळ्याजणी ऐकत आलो आहोत. २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली, तर विशीपासून साठीपर्यंत हा वेग जवळपास सारखाच राहतो, असं त्यात दिसलं. स्त्री आणि पुरुष असा फरकही उरला नाही. चाळिशीत वजन वाढतं ते खरं. पण त्याची कारणं खाणं, झोप, कमी होत जाणारे स्नायू, मनावरचा ताण, कधी एखादा आजार, यांत शोधायला हवीत.

चयापचय खरोखर मंदावतो तो उपासमारीने. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला. विश्रांतीच्या वेळचा त्यांचा शक्तीचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. काही अंशी शरीर आटलं म्हणून, काही अंशी शरीराने हात आखडता घेतला म्हणून. ती मुलं थकलेली, गारठलेली, चिडचिडी झाली. ही लक्षणं आपल्या ओळखीची नाहीत का? फरक एवढाच की त्यांचा प्रयोग संपला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याच पाहणीत २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं आणि जवळपास १९ टक्के स्त्रियांचं फार कमी. म्हणजे अंगाने भरलेली बाईही आतून उपाशी असू शकते. तिला ‘कमी खा’ सांगणं हा सल्ला नव्हे, शिक्षा आहे.

मग करायचं काय? लिंबूपाणी किंवा ग्रीन टी चांगली लागत असेल तर जरूर प्या. पण त्याने चयापचयात म्हणावा असा फरक पडत नाही. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. सकाळी कामाला निघण्याआधी भाकरी-पिठलं, उसळ, अंडं, असं काहीतरी पोटात जाऊ द्या. ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि पातळ वरणाच्या एका वाटीने ती भागत नाहीत. मटकी, हरभरा, शेंगदाणे, दही, परवडेल तेव्हा अंडी-मासळी, हे सगळं आपल्या ताटात हवं, फक्त मुलांच्या नव्हे. चहा जेवणासोबत नको, तासाभराने घ्या. चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते लागतं. रक्त फार कमी असेल तर नुसत्या पालेभाजीवर विसंबू नका, दवाखान्यातून गोळ्या घ्या. सतत थकवा, थंडी वाजणं, पाळीची गडबड असेल तर थायरॉईड तपासा. आणि “घरकामात व्यायाम होतोच” हे अर्धसत्य आहे. त्यात कंबर मोडते, पण सगळे स्नायू बळकट होत नाहीत. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला रेटून जोर, एवढं घरातही जमतं.

हे सगळं सांगितल्यावर ती मैत्रीण म्हणाली, “ताई, पटलं. पण सकाळी बसून खायला मला वेळ कोण देणार?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते घरातल्या माणसांकडे आहे. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपला घास, आपली झोप आणि आपला व्यायाम हरवला आहे. तो कुठल्याही डब्यात सापडणार नाही.

एक कबुलीही द्यायची आहे. आमच्या आरोग्य शिबिरांत आम्ही वर्षानुवर्षं बायकांची वजनं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत आलो. हसू व्हायचं, आम्हीही हसायचो. त्या हसण्यातूनच डब्याचं गिऱ्हाईक तयार होतं, हे तेव्हा कळलं नाही. यापुढे वजनकाटा पडद्याआड असेल आणि पहिला प्रश्न असेल : “आज जेवलीस का? कधी?”

त्या मैत्रिणीने अजून कर्ज उचललेलं नाही, आणि नकोही म्हटलेलं नाही. निर्णय तिचाच राहील. पण गटाने एक ठरवलंय. महिनाभर प्रत्येकीने घरात सर्वांसोबत पानावर बसायचं, आणि काय झालं ते पुढच्या बैठकीत सांगायचं. तुम्हीही करून बघा. कोण रागावलं, कोण सरकून बसलं, कुणी पहिल्यांदा वाढलं, ते आम्हांला जरूर कळवा.