बदलून टाका!

कोणाला कोणत्या शब्दाचा राग यावा, याला काही धरबंध नसतो. माझ्या वडिलांना 'हप्ता' हा शब्द नुसता ऐकला तरी घाम फुटत असे. आमच्या सौभाग्यवतींना 'सहज' या शब्दाचा राग आहे, कारण मी 'सहज जाऊन येतो' असे म्हणून बाहेर पडलो की तीन तासांनी उगवतो. मला मात्र 'अपग्रेड' या शब्दाचा राग आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढत चालला आहे. म्हणजे माझा रागही अपग्रेड होतो आहे म्हणा ना!

हा शब्द आमच्या चोपड्यात नक्की केव्हा आला ते सांगता येत नाही. केळीवर करपा येतो तसा तो आला आणि पानोपानी पसरला. पूर्वी वस्तू बिघडली की लोक विचारीत, 'काय झालं हिला?' आता विचारतात, 'नवीन कोणतं घेताय?' सायकलपासून सासऱ्यापर्यंत (पहिल्याचे उदाहरण दिसते, दुसऱ्याचे लोक मनात ठेवतात) सगळे काही बदलून टाकावे असे मानणारा एक संप्रदायच निघाला आहे. मी त्याला 'बदलून टाका' संप्रदाय म्हणतो. या संप्रदायाची दीक्षा मला २०२५ च्या मे महिन्यात मिळता मिळता राहिली, त्याची ही कथा.

मी निवृत्त शिक्षक. निवृत्त माणसाने एक तर भजनी मंडळात जावे किंवा भाचरांच्या लग्नाची छायाचित्रे जमवावीत, अशी रीत आहे. मी व्हिडिओ एडिटिंगच्या नादी लागलो. माझा कॉम्प्युटर २०१७ सालचा. सातव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एक टीबीची गोल फिरणारी हार्ड डिस्क. त्या काळी हे वैभव होते; शेजारी मुद्दाम बघायला येत आणि चहा पिऊन जात.

या कॉम्प्युटरात आमच्या आक्काची गाणी होती. आक्का म्हणजे माझी आत्या. माहेर आणि सासर दोन्ही तापीकाठचे, आणि जिभेवर अस्सल अहिराणी. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, श्रावणातल्या कानबाईची गाणी असा तिच्यापाशी खजिना होता. मी दोन वर्षे तिच्यामागे फोन घेऊन हिंडलो आणि चौदा-पंधरा तासांचे चित्रण गोळा केले. मग एका दिवाळीत तिचा आवाज जो बसला, तो परत उठलाच नाही. बोलते ती, पण गाणे गेले. तिचे सहस्रचंद्रदर्शन जूनमध्ये ठरले, तेव्हा मी जाहीर केले की, त्या दिवशी अर्ध्या तासाचा चित्रपट दाखवीन. नातेवाइकांत अशी घोषणा करणे सोपे असते. कॉम्प्युटरला ती मान्य आहे का, हे मी विचारले नव्हते.

मे महिना आणि खानदेश, एवढे म्हटले की उन्हाचे वर्णन करायची गरज उरत नाही. बाहेर चव्वेचाळीस अंश. कॉम्प्युटर सुरू केला की पहिली दहा मिनिटे शहाण्यासारखा वागे. मग आक्का ओवीच्या पहिल्या शब्दावर थांबायची, दुसरा शब्द मी पाणी पिऊन आल्यावर यायचा. आवाज पुढे, चेहरा मागे. एकदा तर आक्काचे तोंड उघडे राहिले ते पंधरा मिनिटे मिटले नाही. प्रत्यक्ष आक्काने ते पाहिले आणि म्हणाली, "त्याले ताप येल शे. तुले दिखत नही का?"

मी हसलो. शिकलेला माणूस ना!

मग मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने डबा उघडलासुद्धा नाही. २०१७ हे साल ऐकताच त्याने अशी मान हलवली, की मला कॉम्प्युटरच्या तेराव्याचा खर्च विचारावासा वाटला. "काका, ही मशीन संपली. ऑक्टोबरात विंडोज टेन बंद होतंय. अकरा हिच्यावर चढणार नाही. बदलून टाका." नव्याची किंमत त्याने पंचाण्णव हजार सांगितली. वर औदार्याने म्हणाला, "जुना डबा जसा आहे तसा आणा, तीन हजार कमी करू. त्यातलं काही काढायची गरज नाही."

खरे सांगतो, मी भुललो. त्या 'काढायची गरज नाही' या वाक्यात केवढी भीती होती, हे मला घरी येईपर्यंत कळले नाही. सौभाग्यवतींनी पंचाण्णव हजारांचा आकडा शांतपणे ऐकून घेतला (हे वादळाचे लक्षण) आणि विचारले, "आणि आक्काची गाणी कुठे आहेत?" मी म्हटले, "त्याच डब्यात." "दुसरीकडे कुठे?" दुसरीकडे कुठेच नव्हती. म्हणजे तीन हजार रुपयांच्या सवलतीत मी आक्काचा गळा विकून येणार होतो!

सुदैवाने भाचा पुण्याहून सुटीवर आला होता. त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की एक बाहेरची डिस्क आणून सगळे चित्रण तिच्यावर उतरवले. ते होईपर्यंत कशालाही हात लावू दिला नाही. मग डबा उघडला. आत पाहतो तो काय! खानदेशात कापूस पिकतो हे मी मुलांना तीस वर्षे शिकवले, पण तो माझ्या कॉम्प्युटरात पिकतो हे मला ठाऊक नव्हते. पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या जाळीत धूळ आणि तंतू यांची अशी गादी जमली होती, की देवघराच्या महिनाभराच्या वाती सहज वळून झाल्या असत्या. जिथून हवा जायची तिथून मुंगीही गेली नसती.

भाच्याने मापन करणारा प्रोग्रॅम लावून दाखवला. प्रोसेसरचे तापमान सत्त्याण्णव अंश. आता या प्रोसेसरची एक सोय असते. शंभराच्या आसपास तापला, की तो जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणजे तो म्हातारा झाला नव्हता, जीव वाचवीत होता. भर दुपारी मजूर झाडाखाली बसला, तर त्याला कोणी 'अपग्रेड करा' म्हणत नाही. आक्काचे निदान शंभर टक्के बरोबर निघाले, आणि तिने फी घेतली नाही.

पंख्याला बोट लावून, फिरू न देता, ब्लोअरने धूळ काढली. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो. तो वाळून खपली झाला होता. तो पुसून नवा लावला. भिंतीला चिकटवलेला डबा हातभर पुढे ओढला. तापमान चौऱ्याहत्तरावर आले. एकूण खर्च, लेपाच्या नळीसह, तीनशेच्या आत.

तरीही आक्का मधूनमधून अडखळे. त्यात दोष कॉम्प्युटरचा कमी आणि माझ्या फोनचा जास्त होता. फोन हा चिक्कू व्यापारी. तो प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. एक पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांच्या जागी फक्त 'कित्ता, हात तेवढा हलला' अशी नोंद करतो. नुसते पाहायचे तर हे ठीक. पण एडिटिंग करणारा मध्येच पन्नासाव्या चित्रावर बोट ठेवतो, तेव्हा बिचाऱ्या प्रोसेसरला मागे जाऊन सगळे कित्ते वाचत यावे लागते. त्यातून मी हौसेने फोरकेमध्ये चित्रण केलेले. साध्या फुल एचडीच्या चित्रात सुमारे वीस लाख ठिपके, फोरकेमध्ये ब्याऐंशी लाखांच्या वर. आक्काच्या सुरकुत्या मोजायच्या नव्हत्या, तरी मी त्या चौपट घेतल्या होत्या.

यावर उपाय प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅममध्ये आयता असतो. त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती रात्रीतून करून ठेवायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटी प्रोग्रॅम तेच काप मूळ चित्रणावर उतरवतो. लग्नात नवरदेवाच्या जागी धाकट्या भावाला उभे करून कपड्याचे माप घ्यावे, तसे हे. फुकट सोय! पण दुकानात कोणी तिचे नाव काढत नाही, कारण फुकट वस्तूवर नफा बसत नाही.

आता प्रतिपक्ष म्हणेल, 'मास्तर, मग काहीच बदलू नये की काय?' असे कोण म्हणतो? मी दोन गोष्टी बदलल्या. गोल फिरणारी डिस्क टिकटिक करू लागली होती. तिच्या जागी एसएसडी बसवली. जुनी सेकंदाला दीडशे एमबीच्या आत वाचायची, ही पाचशेच्या घरात वाचते. आणि रॅम आठाची सोळा केली. दोन्ही मिळून पाच हजार. ज्याचा धंदाच लग्नांचे चित्रण हा आहे, ज्याला महिन्याला दहा लग्ने द्यायची आहेत, त्याने जरूर नवे यंत्र घ्यावे. त्याचा तो बैल आहे. माझे भांडण यंत्राशी नाही. नाडी न बघता बाराव्याचा खर्च सांगणाऱ्या वैद्याशी आहे.

आणि नव्या यंत्राने चित्रपट होतात असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा मालेगावकडे पाहावे. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख या व्हिडिओ पार्लरवाल्याने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. एडिटिंग ते शिकले ते व्हीसीआरला व्हीसीआर जोडून. पुढे त्यांच्या खटाटोपावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' पडद्यावर आला. त्या गृहस्थांना जर कोणी 'आधी मशीन अपग्रेड करा' म्हणाले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर मालेगावचा गब्बर आजही यंत्रमागावरच बसला असता.

विंडोज टेनचे म्हणाल, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार खरोखरच थांबला. यंत्र उत्तम चालत असताना कागदोपत्री म्हातारे ठरवणे, हे मला निवृत्तीच्या दिवसापासून परिचयाचे आहे. सुरक्षेची डागडुजी थांबली की इंटरनेटवर धोका वाढतो, हे खरे. म्हणून मी तार काढून टाकली. आता तो डबा बाहेर हिंडत नाही, घरी बसून एवढे एकच काम करतो. आम्ही दोघेही तसेच. त्या वर्षअखेरीस रॅमचे भाव असे काही चढले, की मेमध्ये घेतलेल्या त्या पट्टीकडे सौभाग्यवती आता दागिन्याच्या नजरेने बघतात. केळीला मात्र असा भाव कधी येत नाही.

गाण्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक डब्यात, एक कपाटात, एक भाच्याकडे पुण्याला. खरे अपग्रेड म्हणायचे तर हेच, आणि ते करायला मला नऊ जणांच्या सल्ल्यांनंतर बायकोचा एक प्रश्न लागला.

जूनमध्ये चित्रपट लागला. आक्का पहिल्या रांगेत, नवे लुगडे नेसून. पडद्यावर तिचा गळा मोकळा झाला, कुठे न अडखळता, आणि मागच्या बायका नकळत ओवी धरू लागल्या. दिवे लागल्यावर मी तिच्याजवळ गेलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती म्हतारी चांगली शे. तिले बदलू नको."