विश्लेषण : नाणे दुर्मीळ की नुसतेच खराब? टाकसाळीची खरी चूक कशी ओळखायची?

जगबुडी नदीच्या पुराचे पाणी २२ जुलै २०२१ रोजी खेडच्या बाजारपेठेत शिरले. दोन आठवड्यांच्या आत, ४ ऑगस्टला, रिझर्व्ह बँकेने देशभरासाठी एक इशारा दिला : बँकेचे नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण गाळातून निघालेले काळपट नाणे हातात असते आणि ‘अशा नाण्याला लाखो रुपये’ सांगणारा व्हिडीओ मोबाइलवर येतो, तेव्हा प्रश्न पडतोच : हे नाणे दुर्मीळ की नुसतेच खराब?

खरी चूक कुठे होते?

फक्त टाकसाळीत. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापल्या जातात, त्यांची कड उचलली जाते आणि दोन ठशांमध्ये दाबून नाणे तयार होते. यातली एखादी पायरी बिघडली आणि ते नाणे तपासणीतून निसटले, तर ती टाकसाळीची चूक. बाहेर पडल्यावर जे घडते ते नुकसान. पुराचा गाळ, खारी हवा, आम्ल, आग, हातोडी किंवा रेल्वेचे चाक यांमुळे नाणे कितीही वेगळे दिसले, तरी ते संग्राहकाच्या दृष्टीने खराबच.

घरच्या घरी काय तपासावे?

कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसेल, तर त्याच्या बरोबर समोरची कड पाहावी. चकतीच मुळात अपुरी कापली गेली असेल, तर समोरची कडही बहुधा पुसट उमटते. नंतर कापलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत असते आणि कापलेल्या जागी कानशीचे ओरखडे दिसतात.

अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी आणि खोलगट दिसत असतील, तर मूळ नक्षी पाहावी. तिच्यावरच दुसऱ्या नाण्याचे वळ उठले असतील, तर दोन नाणी एकमेकांवर ठेवून दाबलेली असतात.

नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटावे. आजच्या भारतीय नाण्यांच्या दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. थोडा तिरकेपणा सर्रास आढळतो. मोठा फरक असेल तरच संग्राहक लक्ष देतात.

वेगळे दिसते म्हणजे चूक का?

नाही. वर्षाखालचा चौकट आकार मुंबईच्या टाकसाळीचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. हे प्रकार आहेत, चुका नव्हेत. दहा रुपयांची नाणी १४ वेगवेगळ्या नक्ष्यांची असून ती सर्व वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ चे नाणे हे स्मारक नाणे आहे.

जुन्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ ही अक्षरे अर्धवट दिसतात, तीही चूक नाही. हाताने ठोकलेल्या त्या तांब्याच्या नाण्यांत ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असे.

मग किंमत कोण ठरवते?

सरकारी दर नसतो. नाण्याची अवस्था, दुर्मीळता आणि प्रत्यक्ष गिऱ्हाईक यांवर भाव ठरतो. व्हिडीओत सांगितलेला आकडा म्हणजे झालेला सौदा नव्हे. संशयास्पद नाणे चिंच किंवा पावडरीने घासू नये. नाणे खरेच मोलाचे असेल, तर घासल्याने त्याची किंमत उतरते. दोन्ही बाजू आणि कड यांचे स्वच्छ फोटो काढून, वजन करून जाणकाराला दाखवावे.

सर्वात सोपी कसोटी पैशाच्या दिशेची आहे. नाणे विकणाऱ्याला पैसे मिळायला हवेत. ‘नोंदणी’, ‘कर’ किंवा ‘कुरिअर’ म्हणून त्याच्याकडेच आधी पैसे मागितले जात असतील, तर बोलणे तिथेच थांबवावे. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत नसते आणि तिने कोणालाही शुल्क गोळा करण्याचा अधिकार दिलेला नाही. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी.