नावं ठेवायचा सीझन

उन्हाळ्यात आपण मराठी माणसं दोन कामं मन लावून करतो. एक म्हणजे हवेला नावं ठेवतो. दुसरं म्हणजे घरात बाळ आलं असेल तर त्याला नाव ठेवतो. यंदा आमच्याकडे दोन्ही कामं एकदमच निघाली, आणि दोन्हींत एकमत होईल तर नाव नाही!

तर मंडळी, मी आत्या झाले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादा-वहिनीला मुलगी झाली. आत्या हे पद मोठं गमतीचं आहे. वर्षभर कुणी विचारत नाही, पण बारशाच्या दिवशी आपल्यावाचून पाळणा हलत नाही. बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं आणि त्याबद्दल जमलेल्या बायकांचे पाठीत धपाटे खायचे, अशी ही मानाची असाइनमेंट. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला त्यातली एक गोष्ट फार आवडली. मोबदला तिथल्या तिथे मिळतो.

खरं तर बारसं बाराव्या दिवशी करायचं. पण सगळ्यांच्या सुट्ट्या जुळेपर्यंत मे उजाडला. रविवार ठरला, घुगऱ्या ठरल्या, फोटोग्राफर ठरला, बाळाचा तो टोचणारा जरीचा फ्रॉकसुद्धा ठरला. फक्त नाव ठरलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर 'बाळाचं नाव फायनल' असा ग्रुप होता. मग त्यात भांडणं होऊन 'बाळाचं नाव फायनल 2' निघाला.

प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. वहिनीला दोन अक्षरी हवं होतं, शिवाय परदेशातल्या क्लायंटलाही म्हणता येईल असं. दादाला 'अ'वरून हवं होतं, कारण त्याचं नाव 'स'वरून असल्यामुळे आयुष्यभर प्रत्येक तोंडी परीक्षेत त्याचा नंबर शेवटी लागला. आईला राशीवरून हवं होतं. बाबांना अर्थ हवा होता, आणि अर्थ म्हणजे संस्कृतातला. आणि सगळ्यांना मिळून हवं होतं ते 'जरा वेगळं'. म्हणजे दुसऱ्या कुणाचं नसलेलं. म्हणजे सोसायटीतल्या आर्वी, अन्वी, सान्वी यांच्यात हरवून न जाणारं.

याहून शिस्तीत काम वादळांना नावं ठेवणारी मंडळी करतात. चेष्टा नाही! बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांसाठी एप्रिल 2020मध्ये 169 नावांची यादी जाहीर झाली. तेरा देश, प्रत्येकाची तेरा नावं. नियमही ठरलेले. नाव इंग्रजीत लिहिलं तर आठ अक्षरांच्या आत बसावं, उच्चारायला सोपं असावं, कुणाच्या भावना दुखावू नयेत, धर्म आणि राजकारणाच्या वाटेला जाऊ नये. आणि एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरायचं नाही. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं 'निसर्ग' हे या यादीतलं पहिलं नाव. ते सुचवलं होतं बांगलादेशाने. तेरा देशांचं एकमत होतं आणि आमच्या टू-बीएचकेमधल्या सहा माणसांचं होत नाही!

गंमत पुढेच आहे. या यादीतली भारताची नावं काय आहेत माहितीये? गती, तेज, व्योम, नीर, अंबुद, जलधी... म्हणजे थेट एखाद्या नर्सरीचा हजेरीपट! बाळ यायच्या आधी वहिनीने दोन याद्या केल्या होत्या, एक मुलाची आणि एक मुलीची. मुलाच्या यादीत 'व्योम' पहिल्या नंबरावर होतं. गती 2020मध्ये आणि तेज 2023मध्ये येऊन गेलं, व्योम अजून रांगेत आहे. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. कल्पना करा, मुलगा पहिली-दुसरीत असताना बातम्यांत सांगतायत, "व्योम उद्या किनाऱ्यावर धडकणार, नागरिकांनी घराबाहेर पडू नये." मुलगी झाली आणि सगळेच सुटलो.

तसं पाहिलं तर प्रत्येक पिढीच्या नावांची हवा वेगळी असते. आजीच्या पिढीत नद्या होत्या. गंगा, गोदावरी, यमुना, सिंधू. आईच्या पिढीत सुनीता, अनिता, संगीता, वनिता. 'ता' लागल्याशिवाय मुलगी जणू पाळण्यातून बाहेरच येत नसे. आणि आमची पिढी? 1994मध्ये ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली आणि पुढची काही वर्षं घरोघरी ऐश्वर्य आलं, निदान जन्माच्या दाखल्यावर तरी. आमच्या वर्गात चार ऐश्वर्या होत्या. त्यातली मी तिसरी. बाईंनी हाक मारली की चौघी उठायचो आणि शिक्षा मात्र एकीलाच व्हायची.

म्हणून मला मे महिना आवडायचा. मे महिन्यात मामाकडे वाईला जायचो आणि तिथे मी 'ऐश्वर्या नंबर तीन' नसायचे. तिथे मी 'ठमी' होते. ठमी या नावाने मी झब्बू खेळले, पेप्सीकोला चोखून जीभ केशरी केली, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया अर्ध्या ओल्या असतानाच पळवल्या. 2005च्या आसपास महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. लाइट गेले की सगळी भावंडं गच्चीवर. आता आम्ही ते सगळं आठवून हळवे होतो. आमच्या पिढीला तर लोडशेडिंगचाही नॉस्टॅल्जिया आहे, बोला!

बाबांचा नॉस्टॅल्जिया वेगळा. गेल्या रविवारी दुपारी नाव-समितीची शेवटची बैठक बसली. एसी एकच, तो बाळाच्या खोलीत, आणि समिती हॉलमध्ये पंख्याखाली. पंखा वरची गरम हवा खाली आणून वाटत होता. बाबा म्हणाले, "आमच्या लहानपणी पुण्यात पंखा लागायचा नाही."

हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते. या वेळी मी पत्रकारिता काढली. म्हटलं, "बाबा, 28 एप्रिल 2019ला पुण्यात 43 अंश होतं, तुम्हाला आठवतंय. पण 30 एप्रिल 1897ला 43.3 होतं. तेव्हा तर तुमचे आजोबाही लहान असतील."

बाबा गप्प झाले. पण खरं सांगायचं तर मी अर्धीच बाजू मांडली होती. एका दिवसाच्या आकड्यावरून काही हवामान ठरत नाही. बाबांच्या लहानपणी पुण्यात वाडे होते, झाडं होती, संध्याकाळी अंगणात सडा टाकला की जमीन निवायची. आता काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर धग परत देतं. त्यात आपण एसी लावून घरातली गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे सोडतो, शेजारी त्याची आपल्याकडे. त्यामुळे बाबांचं पंख्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण हरलेल्या बाजूला एवढं सगळं लगेच सांगायचं नसतं.

असो. तेवढ्यात दादा फॉर्म घेऊन बसला. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते, ती झाली होती. नाव मागाहून घालता येतं, वर्षाच्या आत घातलं तर विलंब शुल्कही लागत नाही. ही सवलत आमच्यासारख्या घरांसाठीच ठेवली असावी. दादा मोठ्याने वाचत होता, "आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव."

महाराष्ट्रात हा नियमच आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. वहिनी खूश होती. आईसुद्धा "बरं झालं हो" म्हणाली.

कोपऱ्यात आजी बसली होती. वय वर्षं चौऱ्याऐंशी. हातात वाळ्याचा पंखा, कारण तिचा सीलिंग फॅनवर विश्वास नाही. बैठकीत तिने आतापर्यंत एकही नाव सुचवलं नव्हतं. तिने विचारलं, "आईचं कुठलं? माहेरचं की सासरचं?"

"आजी, मला एकच नाव आहे," वहिनी हसून म्हणाली.

"हो का? बरं आहे बाई," आजी म्हणाली आणि पुन्हा वारा घ्यायला लागली.

आम्ही सगळे हसलो. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं. मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली बाई, अनोळखी माणसांना पहिल्याच मिनिटाला 'नाव काय आपलं?' विचारून पोट भरते. आणि ज्या बाईच्या मांडीवर वाढले, तिचं पहिलं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

"आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?"

आजीने सांगितलं. सहज, 'भाजी काय करायची' इतक्या सहज. बाबा चमकून म्हणाले, "मामा तुला तसं हाक मारायचे खरं. मला वाटायचं, ते तुझं लाडाचं नाव असेल."

"लाडाचं कसलं? ते माझं नाव होतं," आजी म्हणाली.

मग तिने सांगितलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले होते आणि आजोबांनी त्यात अंगठीने नाव लिहिलं. ते तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. चौथी पास होती, त्यामुळे वाचता आलं. "वाचलं आणि मनात म्हटलं, ही कोण?" आजी स्वतःच हसली. मग ती 'ही' झाली. पुढची साठ-बासष्ट वर्षं रेशन कार्डावर तीच, मतदार यादीत तीच, आमच्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर तीच.

"पण मे महिन्यात माहेरी जायचे ना," ती म्हणाली. "स्वारगेटहून एसटी. कराडला उतरून पुढे बैलगाडी. घर दिसायच्या आधी आईची हाक यायची. मग महिनाभर सगळं गाव त्याच नावाने हाका मारायचं. परत आले की पुन्हा अकरा महिने ही."

मला माझी वाईची ठमी आठवली. पण ठमीचं एक बरं होतं. तिला कुणी पुसलं नव्हतं.

बाबांनी विचारलं, "तेव्हा ऊन नसायचं का गं एवढं?"

"असायचं की. माझं लक्ष नव्हतं."

आजीचा थोरला भाऊ नव्वदी ओलांडून दोन वर्षांपूर्वी गेला. त्या नावाने तिला हाक मारणारा तो शेवटचा माणूस होता. हे तिने सांगितलं नाही. बाबांनी मला नंतर गॅलरीत सांगितलं, चष्मा पुसत. घाम होता म्हणाले.

बारसं काल झालं. बाळाचं नाव अखेर ठरलं. दोन अक्षरी आहे, 'अ'वरून आहे, राशीत बसत नाही आणि बाबांनी त्याचा संस्कृत अर्थ शोधून काढला आहे. म्हणजे खास महाराष्ट्रीय तडजोड. वादळांच्या यादीत ते नाही, मी दोनदा तपासलं. बायकांनी पाळणा म्हटला, मी वाकले, आणि नेमके तेव्हाच लाइट गेले. पंखे थांबले. मे महिन्यातली दुपार, चाळीस माणसं, आणि एकदम शांतता.

मी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं, ठरलेलं नाव सांगितलं. बारशाला एकाहून जास्त नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच. म्हणून मी दुसरंही सांगितलं. आजीचं. तांदळाच्या ताटाआधीचं.

ते नाव मी इथे छापणार नाही. कागदपत्रांवर ते कुठेच येणार नाही, नर्सरीत कुणाला कळणार नाही. ते फक्त मे महिन्यात घरी वापरायचं, असं मी आणि दादाने ठरवलंय. म्हणजे आमच्या घरात ते नाव पुन्हा ऐकू येईल, वर्षातून एक महिना का होईना.

पण पंखे बंद असल्यामुळे माझी कुजबुज जरा जास्तच मोठी झाली असावी. माझ्या पाठीत पहिला धपाटा बसायच्या आतच कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला.

"ओ..."

आजीने ओ दिली होती. सवयीने. मग तीच लाजली आणि वाळ्याच्या पंख्याआड तोंड लपवून बसली.

तेवढ्यात लाइट आले, पंखे फिरले, कुणीतरी म्हणालं, "काय उकडतंय हो यंदा! पूर्वी असं नव्हतं." बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. धपाटे खाण्यात बिझी होते.